वरचा खण

बत्तीस वर्षं स्टेशनाशेजारच्या त्या लांब खोलीत
मी पत्रं वाटली. दारोदार नाही, खणाखणांत.
डाव्या हातात गठ्ठा, उजव्याने फेक:
खाली वर्धा, पुलगाव, बडनेरा,
छातीशी भंडारा, तुमसर, गोंदिया,
खांद्याच्या वर बैतूल, इटारसी,
आणि सगळ्यात वर, टाचा उचलून, जम्मू.
उजवा दुखला की गठ्ठा त्याच्याकडे, फेक डाव्याने.
असा डावाही गेला.

आता दोन्हीकडे धातूचे गोळे.
डावा पौषात बसवला, उजवा पुढच्या भाद्रपदात.
एकदम नको, डॉक्टर म्हणाले,
एक हात तरी तुमच्या मालकीचा असू द्या.
त्याचा अर्थ मला संडासात कळला.
तोटी उजवीकडे, आणि उजवा गळ्यात टांगलेला.
ह्यांनी प्लंबर आणून तोटी डावीकडे घेतली.
तो विचारत होता, काहून?
हे म्हणाले, वास्तू.

अल्फिया येते सोमवारी नि गुरुवारी.
दंडाला प्लास्टिकचा कोनमापक लावते.
"नव्वद झाले, काकू! मागच्या वेळी चौऱ्याऐंशी."
मी म्हणते, पोरी, मे महिन्यात सेहेचाळीस झाले
तर सारं शहर बोंबलते,
आणि तू नव्वदवर हसून राहिली?
दाराला कप्पी, कप्पीला दोरी,
एक हात दुसऱ्याला विहिरीतून काढल्यासारखा काढतो.
मग भिंतीवर बोटं चढतात, मुंगीच्या चालीने.
थांबली की हे पेन्सिलने रेघ मारतात, तारीख घालतात.
त्याच भिंतीवर आमच्या निशिकांतच्या उंचीच्या रेघा आहेत.
दिवाळीत मी त्याची सहावी ओलांडली.

घास तोंडापर्यंत येतो. चष्माही.
कंगवा कपाळापर्यंत, पुढचं डोकं स्वतःच
वाकून हाताकडे जातं.
कपड्यांची दोरी दोन वीत खाली आणली,
आता चादरीची टोकं अंगण झाडतात.
कूलरमध्ये बादली नाही, तांब्या.
अठ्ठावीस तांबे. मोजते. जुनी खोड.

पाठ मात्र गेली.
हात कमरेच्या कडेला जातो, तिथे हद्द संपते.
पाठीच्या मधोमध खाज सुटली
तर ती दुसऱ्याच जिल्ह्यात सुटते.
आतला हुक हे लावतात,
वीजमंडळात तारा जोडायचे तसे, जीभ चावून,
आणि झाल्यावर एकदा ओढून बघतात.
आमच्याकडे असं एखादं पत्र यायचं,
पत्ता बरोबर, गाव बरोबर, पण रस्ता नाही.
ते कोपऱ्यातल्या खणात ठेवायचो.
त्या खणाला नाव नव्हतं.
अल्फियाला विचारलं, हे येईल का गं कधी?
तिने कोनमापक पिशवीत टाकला
आणि चहा मागितला.

काल बर्डीला मेट्रोत यंत्र वाजलं.
गणवेशातली पोरगी म्हणाली, आंटी, हाथ ऊपर.
मागे रांग. कोणी तरी कुरकुरलं,
काय करून राहिले बाप्पा.
मी उचलले. दोन्ही, सोबत.
पुलगाव गेलं. गोंदिया गेलं.
बैतूल.
इटारसी.
"और ऊपर?"
"नाही गं. गाडी इथपर्यंतच."
तिने काठी फिरवली. डावा वाजला. उजवा वाजला.
हो गया, म्हणाली, जाइये.
मी लगेच खाली घेतले नाहीत.
उजवं मधलं बोट
जरा वर सरकलं का,
ते पाहून राहिली होती.