नो पेन

चंदननगरच्या भाजी मार्केटमागे
पिठाच्या गिरणीवर आमचा क्लास.
आठ ते नऊ. खाली कुणाची तरी ज्वारी दळत असते,
वर आम्ही अकरा जण दिस आणि दॅट करतो.
फळी थरथरते, तिच्यावरचा खडू
आपोआप घरंगळून खाली पडतो.
तांबोळी सर म्हणतात, मोठ्यानं बोला,
गिरणीला ऐकू गेलं पाहिजे.

पहिल्या दिवशी उभी राहिले.
मायसेल्फ उज्ज्वला खरात.
मायसेल्फ नाही, सर म्हणाले, आय अ‍ॅम.
आय अ‍ॅम.
एवढंसंच, पण म्हणताना वाटलं
मागे कुणीतरी उभं आहे,
आणि मी ओढणी सावरली.

पुस्तकात प्रसंग आहेत.
बँकेत. विमानतळावर. हॉटेलात.
तिथली माणसं कायम फाइन असतात
आणि लगेच विचारतात, अँड यू?
माझ्या प्रसंगातली माणसं फाइन नसतात.
सकाळी साडेसहापासून मी खराडीच्या टॉवरांत
घरोघर जाऊन रक्त काढते.
उपाशी माणूस कुठल्याही भाषेत चिडकाच.

म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर
सरांकडून माझे प्रसंग लिहून घेतले.
मूठ आवळा. मूठ सोडा. तिकडे बघा.
शीर सापडत नाहीये, हे कसं म्हणायचं
म्हणजे समोरचा घाबरणार नाही?
सर बराच वेळ बोटांवरचा खडू झटकत राहिले.
मग म्हणाले, त्यापेक्षा वन मिनिट म्हण.

एक मात्र मला आवडलं. यू.
सहाव्या मजल्यावरच्या मॅडम मला तू म्हणतात,
मी त्यांना तुम्ही.
त्यांच्या सातवीतल्या मुलालाही
एकदा तोंडातून तुम्ही निघून गेलं,
घरी येईपर्यंत ते दाताखाली खड्यासारखं होतं.
इंग्रजीत आलो की दोघी यू.
मुद्दामच म्हणून बघितलं, यू सिट.
बसल्या.
सरांना सांगितलं तर म्हणाले, प्लीज राहिलं.

परवा मंगळवारी सी विंग, अकरावा मजला.
दार एका म्हातारीनं उघडलं,
पायात लोकरीचे मोजे, मे महिन्यात.
मणिपूरची. लेक कामावर गेलेली.
मराठी नाही, हिंदी पाहुण्यापुरती,
इंग्रजी माझ्याइतकंच, तेही थकलेलं.
मी वहीचं शेवटचं पान एका दमात बोलून टाकलं.
तिनं मूठ आवळली, तिकडे बघितलं,
बाल्कनीत पेपरवर वाळत घातलेल्या मिरच्यांकडे.
शीर नव्हती.
वन मिनिट.
दुसऱ्या हाताला नव्हती.
वन मिनिट, म्हणाली तीच,
आणि तळवे एकमेकांवर चोळून
ऊन करून पुढे केले.
मग मिळाली, मनगटाच्या वर,
कोथिंबिरीच्या काडीएवढी.

नळीवर नाव लिहायचं तर खिशात पेन नाही.
म्हटलं, पेन?
ती हसली. नो पेन, नो पेन.
मी हवेत बोटानं लिहून दाखवलं. पेन.
कापूस दाबून धरत ती मान हलवत राहिली,
नो पेन. यू गुड.
टेबलावर तिच्या चष्म्याशेजारीच
निळं पेन पडलेलं होतं.
ते उचललं, तेव्हा तिला कळलं,
आणि ती इतकी हसली की
कापूस सुटून खाली पडला,
नवा लावावा लागला.

नाव फॉर्मवर होतं, तरी विचारायचं असतं.
युवर नेम?
ती जराशी ताठ बसली.
मायसेल्फ सनातोंबी.
मी दुरुस्त केलं नाही.

लिफ्ट चौथ्या मजल्यावर आली
तेव्हा हाताला लागलं, पेन माझ्याच खिशात.
आता परत वर जाऊन, बेल वाजवून
काय म्हणायचं,
ते वहीत नाही.