मांजरीच्या विहिरीतला अहीर

सोसायटीवाल्यांचा फोन आला:
विहीर बुजवतोय, आत साप आहे, लवकर या.
साप नव्हता.
पंपाने उपसून गुडघाभर उरलेल्या पाण्यात
दोन हात लांब, मनगटाएवढा जाड,
पिवळसर पोटाचा अहीर
दगडांच्या खोबणीतून तोंड काढून
आमच्याकडे बघत होता.

गेनूआप्पा मल्लाव खाली उतरले.
हातात ओलं गोणपाट,
तोंडात शिव्या, आणि त्या शिव्यांत लाड.
"म्हातारा हाय," वर आल्यावर म्हणाले,
"ह्या बिल्डिंगीच्या आधीचा.
हितं ऊस होता, तवाचा."

माझ्याकडे सर्वेक्षणाचा फॉर्म.
स्थानिक नाव: अहीर. लांबी: मोजू देत नाही.
कवडीच्या पाण्यात मी तीन वर्षं मासे मोजतेय.
जाळ्यात चिलापी, चिलापी, सकर,
झेंडूचा हार, कुणाची तरी चप्पल, पुन्हा चिलापी.
आप्पा जाळं झटकता झटकता
न आलेल्यांची नावं घेतात,
पंगतीत कोण दिसत नाही ते बघावं तशी:
खवली, कानस, तांबीर,
दगडाला चिकटून राहणारी मुरी,
आणि आंबळी, जी त्यांच्या आईला
गाभोळीसकट आवडायची.
मी लिहून घेते. फॉर्मला तसा रकाना नाही,
म्हणून मागच्या कोऱ्या बाजूला.

पण अहिराचं निराळं.
तो जन्माने इथला नव्हेच.
खाऱ्या पाण्यात होतो, काचेसारखा आरपार,
काडेपेटीतल्या काडीएवढा;
कृष्णेच्या मुखाशी खारफुटीच्या मुळांमधून
गोड्या पाण्याचा वास घेत निघतो,
भीमेला येतो, मुळामुठेला येतो,
एखाद्या ओढ्याने कुणाच्या विहिरीत शिरतो
आणि वाढत बसतो. वर्षानुवर्षं.
मग कधीतरी अंधाऱ्या रात्री, पूर असताना,
त्याला समुद्र आठवतो.

"ह्याला आठवला असेल ना?" मी विचारलं.
आप्पांनी बादलीवर गोणपाट ओढलं.
"आठवून करतो काय? मधी उजनी हाय.
तिच्या फुडं आनखी किती भिंती, मोज.
तू मोजणारी."

मी मोजल्या. एका हाताची बोटं संपली.

स्कूटरवर मागे बसून बादली मांडीत धरली.
सोलापूर रस्त्याला सिग्नल लागला.
शेजारच्या रिक्षातल्या बाईने विचारलं, काय आहे हो?
आप्पा म्हणाले, "पाव्हणा. सोडायला चाललोय."

कुठे, ते मात्र ठरलं नव्हतं.
कवडीला फेस होता, उन्हात चमकणारा.
भीमेपर्यंत पेट्रोल पुरलं असतं,
समुद्रापर्यंत नाही.
बादलीत त्याने एकदा वळण घेतलं,
सगळ्या अंगाचं, सावकाश;
माझ्या गुडघ्यांना ते कळलं.

फॉर्म अजून माझ्याकडेच आहे.
निवासस्थान ह्या रकान्यात
आधी विहीर लिहिलं. खोडलं.
नदी लिहिलं, तेही खोडलं.
उरलेल्या बोटभर जागेत
आता लिहिलंय: वाटेत.