पहिलं बिल

लिमाच्या या टेकडीवर पाऊस पडत नाही.
धुकं येतं. मे महिन्यात येतं आणि बसून राहतं,
उसने पैसे मागायला आलेल्या पाहुण्यासारखं:
विषय काढत नाही, उठतही नाही.
गाद्या ओल्या, पोरांच्या छात्या ओल्या,
पिंप कोरडं.

पिंप निळं. आधी त्यात काय होतं
ते आम्ही विचारलं नाही.
टँकर पहाटे चारला यायचा, खालच्या वळणापर्यंतच.
फ्लोरेन्सियो हॉर्न दोनदा वाजवायचा,
तिसऱ्यांदा कुणासाठीच नाही.
तिथून वर रबरी नळी,
नळी संपली की बादली,
बादलीखाली मी.
लोकांचा पैसा पाण्यासारखा जातो म्हणे.
आमचं पाणी पैशासारखं जायचं,
मोजून, आणि दुसऱ्याची नजर चुकवून.
तांदळाचं धुवण भांड्यांना, भांड्यांचं जमिनीला,
धूळ बसेल एवढंच.

दिवसा समुद्राकडच्या एका बंगल्यात केरफरशी.
तिथल्या हिरवळीला फवारा होता,
आपोआप सुरू, आपोआप बंद.
त्या बाईंचा मला कधी राग आला नाही.
फक्त फवारा थांबेपर्यंत
खिडकी पुसून व्हायची नाही.

मग बैठका. अकरा वर्षं बैठका.
डोन्या साटुर्निना वही घेऊन बसायची.
गैरहजर त्याला दहा सोल दंड,
रविवारी खणायला आला नाही त्याला वीस.
माझ्या भावाचे, आपोलिनारचे, एकशे चाळीस अजून बाकी आहेत.

एकदा इंजिनिअरने नकाशा पसरला.
त्यात आमच्या जागी एक आकडा होता, उंचीचा.
साटुर्निनाने पेन्सिल मागून घेतली
आणि टिंबं देत गेली, वरून खाली,
प्रत्येक टिंबाला नाव घेऊन. कुत्र्यांचंही.
तो म्हणाला, कुत्र्यांना नळ देत नाहीत, बाई.
ती म्हणाली, ठाऊक आहे.
पण कुत्रं बसलंय म्हणजे तिथं दार आहे.

आधी पायऱ्या आल्या. दोनशे सोळा, पिवळ्या कठड्याच्या.
त्या यायच्या सहा आठवडे आधी
आई खाली गेली होती,
घोंगडीत, सहा जणांच्या हातांवर.
पायाखालची वाळू सरकत होती
आणि आपोलिनार म्हणत होता,
सावकाश, आई, सावकाश,
जणू तीच चालतेय.

नळ आला त्या दिवशी पहिल्यांदा हवा आली.
मग खोकला. मग तांबडं, मग दुधट,
मग पाणी.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
जो तो आपापल्या दारात,
आपल्याच नळासमोर,
रांगेत उभं राहावं तसा उभा. एकटाच.

महिन्याने बिल आलं.
निकोलासा वार्काया, गट एफ, घर नऊ.
आडनावाची दोन अक्षरं चुकलेली, पत्ता बरोबर.
एकतीस वर्षांत या दाराला आलेला
पहिला कागद.
मी तो बाईंना दाखवायला नेला, पर्समधून,
आणि न दाखवता परत आणला.
काटिया म्हणाली, आई, ते भरायचं असतं.
भरलं. टँकरवाला आठवड्याला घ्यायचा
तेवढ्यात महिना.

सगळं झालं असं नाही.
भिंती अजून प्लायवुडच्या, खिळे गंजतात,
मोठी मोटार गेली की ताटं बोलतात.
आणि आमच्याही वर, जिथं पायऱ्या संपतात,
नवी माणसं आलीत.
चार खांब, चटया,
निळी पिंपं.

पहाटे चारला मला अजून जाग येते.
हॉर्न नसतो.
अंधारात नळ सोडते,
नळीचं दुसरं टोक वर धुक्यात
कुणाच्या तरी हातात असतं.
नियमात बसत नाही हे.
साटुर्निनाला माहीत आहे,
ती वहीत लिहीत नाही.
पिंप भरलं की वरून नळी दोनदा ओढतात.
मी तिसऱ्यांदा ओढेपर्यंत थांबते.

पुढचं बिल थोडं जास्त येईल.
आडनाव अजून चुकीचंच आहे.
दुरुस्तीचा अर्ज मी दिलेला नाही,
काढून घेतील म्हणून.