तिसरा दिवस अजून कोरा

पत्रात त्यांनी आधी गुडघेच लिहिले होते.
विल्माचा डावा, मागच्या मार्चमध्ये नवा बसवलेला.
तिच्या बहिणीचे दोन्ही जुनेच, ‘चालतात म्हणायचे’.
आणि ऑर्विल, वय एक्क्याऐंशी,
त्याला उजव्या कानाने पक्षी ऐकू येत नाहीत,
माणसंही नाहीत, पण त्याबद्दल त्याची तक्रार नाही.
शेवटी एकच ओळ:
आम्हाला जंगल बघायचंय,
जंगलाने आमचा अंत बघू नये.

लोस चिलेसच्या धक्क्याजवळ माझं दीड खोलीचं ऑफिस,
एक पंखा, तीन खुर्च्या, भिंतीवर नदीचा नकाशा.
पेन्सिल घेतली आणि आधी खोडत सुटले.
झुलता पूल खोडला.
ज्वालामुखीची वाट खोडली.
धबधब्याच्या पाचशे पायऱ्या,
ज्यांना तरुण गिऱ्हाइकांपुढे मी ‘थोड्याशा’ म्हणते,
त्या तर दोनदा खोडल्या.
पहाटे चारची गाडीही गेली.
पक्षी काय, सातलाही तेच असतात,
फक्त त्यांचा नाश्ता झालेला असतो.

समोर आई काळ्या घेवड्याच्या शेंगा सोलत होती.
विचारलं, तुझ्या पायांनी धक्का किती लांब?
म्हणाली, मधे एकदा टेकले तर जवळच आहे.
मी लिहिलं: मधे एक बाक.

पहिला दिवस: काही नाही.
खरंच काही नाही. ओसरी, पाठीला उशी,
कठड्यावर कापलेली पपई.
ज्यांना यायचंय ते पिसं घालून येतील.
जाळीचा झोपाळा नको,
त्यात पडायला एक माणूस पुरतो, उठायला तीन लागतात.

दुसरा दिवस: एव्हारिस्तोची छपराची होडी.
त्याला बजावलंय, इंजिन हळू आणि तोंड त्याहून हळू.
फेब्रुवारीत पाणी आटतं, तळं आक्रसतं,
मग सगळे एकाच ताटात जेवायला बसल्यासारखे दिसतात:
बगळे, पाणकावळे, पानावरून पानावर
लांब बोटं टाकत जाणारे कमळपक्षी,
आणि काठावर केमन, मगरीचं धाकटं भावंड,
जबडा उघडा टाकून, जणू बोलता बोलता विसरलेलं.
झाडाच्या बुंध्याला एकाखाली एक चिकटलेली वटवाघळं,
बोटाएवढी. मान वर करावी लागत नाही.
दर दीड तासाला शौचालय.
हे कुठल्याच माहितीपत्रकात छापत नाहीत
आणि विचारायचं असतं सगळ्यांना.

टूकन दिसेल का, असं विल्माने वेगळ्या कागदावर विचारलंय.
मी मोठ्याने वाचलं. आई म्हणाली,
टूकन? चोर मेला. घरट्यातली पिल्लं उचलतो.
मग शेंग हातातच राहिली.
म्हणाली, मी तरी त्याला नीट कुठे पाहिलंय.
एकतीस वर्षं त्या लॉजच्या स्वयंपाकघरात.
बाहेर आरडाओरडा व्हायचा, या, या, लवकर या!
आणि माझ्या हातात झारा, तेलात केळी.
झारा टाकून गेले असते तर केळी करपली असती.
माकडांची डरकाळी मात्र रोज ऐकली.
तीच माझी घड्याळ. ऐकली की भात टाकायचा.

पंखा फिरत राहिला.
मी होडीतल्या जागा मोजल्या.
सहा. ते तिघं, एव्हारिस्तो, मी.
परत मोजल्या, उगाचच.

किती घेतेस गं त्यांच्याकडून? तिने विचारलं.
सांगितलं.
बाई गं, म्हणाली, आणि सालं झटकत उठली,
गुडघ्यावर हात ठेवून, दोन हप्त्यांत.
माझ्याकडून निम्मे घे.
माझा एकच डोळा धड आहे.

मी बाकाची लांबी वाढवून लिहिली.
तिसरा दिवस तसाच ठेवलाय,
त्यांना विचारून भरू, दुसऱ्याच्या संध्याकाळी,
कोण किती दमलं ते बघून.