साडेतेरा फूट, साडेसहा फूट

कृष्णपुऱ्याच्या पुलाजवळ माझं दुकान, घड्याळांचं.
महूहून दिघेबाई आल्या
त्या मात्र दोन काठ्या घेऊन. गळाच्या.
बसमध्ये एक मावेना तेव्हा
कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट फाडलं म्हणे.

लांब ती लेकीची, लिंकनशरहून आलेली.
साडेतेरा फूट, तीन तुकडे,
शेंड्याला गवताच्या काडीएवढी.
सोबत बसायची पेटी, बिनकाट्याचे गळ,
मासा क्षणभर निजवायला ओली चटई
आणि डबीत बारा बोये.
"तिकडे कालव्याकाठी दिवस काढतात," बाई म्हणाल्या,
"चहा पितात, बोया बघतात,
धरलेला मासा दोन्ही हातांनी परत सोडतात.
ह्यांना आवडलं असतं."

आखूड ती मुलाची, टेनेसीहून.
एकसंध, मुठीला बूच, वर बुटका रीळ,
आणि एक रबरी बेडूक, पोटाशी दोन गळ लपवून बसलेला.
रबरी गांडुळांचं पाकीट फोडलं
तर दुकानभर बडीशेप.
"तिकडे बसत नाहीत. होडी पळवतात,
फेकतात, ओढतात, नाही लागला की पुढे.
दिवसाला हजारदा फेकतो म्हणाला.
हेसुद्धा ह्यांना आवडलं असतं."

मी डोळ्याला भिंग लावलं.
मुलाच्या रिळात दात्यांत दाते,
लोहचुंबकाचा ब्रेक, मोहरीएवढे छर्रे.
घड्याळजीला मेजवानीच.
लेकीच्यात काही नाही. एक चाक, एक आस.
टिचकी मारून ठेवलं,
समोरून पोहे मागवले, खाल्ले,
तरी फिरतच होतं.

बोये मोरपिसाच्या देठाचे निघाले,
टोकाला केशरी रंग दिलेले.
मोर कुठला, कोण जाणे.

"ह्यात बिघडलंय काय?"
"काही नाही. हे चाक त्या आखूड काठीवर बसवा."
"बाई, पाय जुळत नाहीत.
आणि बसवलं तरी हे बसणाऱ्याचं,
ती पळणाऱ्याची."
"ते मला शिकवू नका.
चार वर्षं झाली, प्लॉटवरून बोलत नाहीत एकमेकांशी.
तिनं काठी पाठवली की महिन्यात ह्याची येते.
तिनं रबरी बूट, तर ह्यानं टोपी.
मला एका फोटोत दोघांचं काही हवंय."

गजराच्या एका मेलेल्या घड्याळाची
पितळी पट्टी कापली.
कानस चालवली तीन संध्याकाळी.
शेवटी बसलं, थोडं वाकडं.
एकशे चाळीस रुपये घेतले,
घ्यायला नको होते असं त्या रात्री वाटलं.

रविवारी दुकानाला कुलूप लावून
हातोदच्या रस्त्यानं मीही गेलो, यशवंत सागरला.
बाईंच्या पायात लेकीचे बूट, डोक्यावर मुलाची टोपी.
बोया पडला काठापासून सात हातांवर,
काठीला लांबी नव्हती, चाकाला जोर नव्हता,
दोघांच्या खोडी नेमक्या एकत्र आलेल्या.
एक पोरगा बकऱ्या सोडून बघत बसला.
तासाभरानं केशरी टिंब
एकदम नाही, जरा विचार करून, खाली गेलं.

तळहाताएवढी टिलापिया.
फोटो मी काढला. माझा अंगठा आलाय कोपऱ्यात.

मंगळवारी बाई परत दुकानात,
फोन माझ्या काउंटरवर पालथा ठेवून.
लेकीनं लिहिलंय, सोडलास ना गं?
मुलानं लिहिलंय, किती पौंडाचा?
पट्टीबद्दल कोणी काही नाही.
"काय लिहू?"

चिमट्यात एका एचएमटीचा सेकंदकाटा होता,
श्वास सोडला असता तर उडाला असता.
मी काटा बसवला, मग म्हणालो,
दोघांनाही एकच लिहा.
हाताएवढा होता. सोडला.

बाईंनी लिहिलं. बराच वेळ लागला त्यांना.
मग पर्समधून एक पाकीट काढून म्हणाल्या,
"आणि हे बघा हो, कालच आलंय,
ह्याला नक्की कुठल्या बाजूनं बांधायचं?"