पाकळी

काजूच्या कारखान्यात माझं टेबल खिडकीकडचं.
गर निवडायचे: दोनशे चाळीस, तीनशे वीस,
तुकडा वेगळा, डागी वेगळा,
दोन फाकांत उकलला तर ती पाकळी.
चौदा वर्षं झाली. डोळे मिटून सांगेन
बोटांत कुठली प्रत आली.

म्हणून डॉक्टरांपुढे बसले की बघत राहते,
हे मला कुठल्या ट्रेत टाकतायत.

वेंगुर्ल्यात टाकलं रक्त कमी असलेल्यांत.
लाल गोळ्या, तीन महिने, तोंडात गंजाची चव.
रक्त वाढलं. मी तिथेच.
सावंतवाडीत थायरॉइड. कुडाळला सुया टोचून
जीवनसत्त्व भरलं,
माडाच्या बुंध्यात खत घालतात तसं,
आणि सगळे वाट बघत राहिले, पोय कधी येते.

बांबुळीला जायला पहाटेची एसटी.
दिगंबर सोबत, मांडीवर फाइल.
तिथला मुलगा, म्हणजे डॉक्टरच,
पण मिसरूड नुकतं फुटलेलं,
पानं उलटत गेला आणि खूश झाला.
"सगळं उत्तम आहे हो."
दिगंबरने हात जोडले.
त्या खोलीत मी एकटीच होते
जिला ती बातमी वाईट वाटली.

मग दाराकडे बघत, हळूच:
"घरी काही त्रास?"
घरी?
घरी मी भाकरी थापते ती स्टुलावर बसून.
सोमवारी केस धुतले तर बुधवारी दुपारी उठते.
विहीर पंचवीस पावलांवर. मोजलीत.
झोप येते, भरपूर येते,
पण खाडीत भरती चढून उतरून जावी
आणि आपली होडी चिखलात रुतलेलीच राहावी, तशी.

सासू म्हणते, "आमच्या येळार
दमूक सवड खंय होती?"
तिनेच देवीला कौल लावला.
गुरवाने ओल्या पाकळ्या पाषाणाला चिकटवल्या,
विचारलं, बाहेरची बाधा की अंगचं दुखणं?
उजवी पडली तर एक, डावी पडली तर दुसरं.
आम्ही बसलो.
समईतलं तेल तळाला गेलं. कुणीतरी जांभई दिली.
एकही पाकळी खाली आली नाही.

सासू घाबरली.
मला मात्र त्या दगडाबद्दल
पहिल्यांदाच आपुलकी वाटली.
माहीत नव्हतं, तर गप्प बसला.
गोळी लिहून दिली नाही.

गेल्या महिन्यात सरकारी दवाखान्यात
नवीन बाई आल्यात, डॉक्टर मेस्त्री.
बाहेर चाळीस माणसं, तरी त्यांनी पेन खाली ठेवलं.
"उठल्यापासून सांगा."
मी उठल्यापासून सांगितलं.
दुपारपर्यंत पोचले तेव्हा
शिपाई दोनदा डोकावून गेला होता.
मग त्यांनी लिहिलं. मी उलटं वाचलं:
थकवा, अडीच वर्षं, तापानंतर सुरू.
कारण समजलेलं नाही.

"औषध?" दिगंबरने विचारलं.
"अजून नाही. जमेल त्याच्या थोडं कमीच करा.
आणि परत या."

रिक्षात तो चिडला.
शंभर रुपये भाडं, आणि हातात काय, तर कागद.
मी तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलाय.

आता कारखान्यात अर्धाच दिवस.
फिलूमावशी माझ्या ढिगातले मूठ मूठ गर
आपल्याकडे ओढते, मुकादमाची पाठ वळली की.

आज एक गर आला. पांढरा, अख्खा,
मुकादमाने बघताच "चल" म्हटलं असतं.
पण पोटाशी एक रेघ, केसाएवढी.
जरा दाबला की दोन फाका.
मी दाबला नाही.
कुठल्याच ट्रेत टाकला नाही.
खिडकीच्या कडेला ठेवला, उजेडात.

फिलूमावशीने विचारलं, "ह्यो खंयचो गो?"
म्हटलं, "रवांदे."