खरकटं

माझ्यापर्यंत माणसं येत नाहीत, ताटं येतात.
भिंतीतल्या चौकोनी भोकातून, सरकत्या पट्ट्यावरून,
रात्री आठला सर्वांत जास्त.
अकरा वर्षं झाली. विस्कॉन्सिनची थंडी मी
बोटांच्या भेगांवरून मोजते.

ऑक्टोबरात पंगती फुटल्या.
खिडकीकडची टेबलं एकांची, भिंतीकडची दुसऱ्यांची.
मधलं लांब टेबल, जिथं पोरं गणितं सोडवता सोडवता
एकमेकांच्या बटाट्यांवर काटे मारायची,
तिथं आता नुसत्या मीठदाण्या बसतात.
एक नवखा मुलगा चुकून बसला मध्ये.
दोन्हीकडून इतके डोळे, की सूप अर्धं टाकून उठला.
ते सूप माझ्याकडे आलं. गरम होतं अजून.

माझ्या हाताखाली दोघं.
गॅरिट खरवडतो, नोएमी रचते.
गेल्या वर्षी हीच दोघं फवाऱ्यानं
एकमेकांना भिजवायची, आणि मी ओरडायचे.
आता मध्ये तीन फूट फरशी आणि मी टपालवाली.
"पा हौआ, त्याला सांग, रॅक संपलेत."
"तिला सांग, दिसतंय मला."
मी सांगते. शब्द बदलत नाही,
तेवढं आवाजातलं तिखट काढून घेते.

दोघांच्या ॲप्रनवर एकेक कागदी बिल्ला.
वाफेनं दोन्हींचा गोंद सुटतो.
शिफ्ट संपेपर्यंत ते मोरीच्या जाळीवर पडलेले,
भिजून लगदा, वाचता येत नाहीत.
दुसऱ्या दिवशी नवे. कुणीतरी ढिगानं छापतंय.

खरं सांगू? मी ओळखायचा प्रयत्न केला,
कोणतं ताट कुठल्या बाजूचं.
ब्रोकोली सगळेच टाकतात.

गुरुवारी पट्टा अडकला. खाली ग्लास फुटलेला,
आणि गॅरिटनं न बघता हात घातला.
नोएमीनं मनगट धरून त्याला नळाखाली ओढलं.
"वर धर. अजून वर, मूर्खा, छातीच्या वर."
तीन आठवड्यांत त्याला थेट बोललेली पहिली गोष्ट.
पाणी लाल, मग गुलाबी, मग नुसतं पाणी.
मला वाटलं, झालं.

झालं नाही.
सोमवारी त्यानं शिफ्ट बदलून घेतली, सकाळची.
तिला मैत्रिणी म्हणाल्या, त्याला हात लावलास?
ती म्हणाली, रक्त होतं.
त्या म्हणाल्या, तरी.
हे तिनंच सांगितलं मला, पाठमोरी, पेले रचत.

माझ्या बापानं रात्री मेकाँग ओलांडली, बांबूला धरून.
पोहता येत नव्हतं.
"तू कुठल्या बाजूचा?" विचारणारे
काठावर बॅटऱ्या घेऊन उभे होते.
जिभेवर आलेलं हे मी गिळलं.
ती वीस वर्षांची आहे, उद्या तिचा अर्थशास्त्राचा पेपर आहे,
आणि ही काही नदी नाही.
नसावी.

निघताना ती कोट चढवून दाराशी थांबली.
"टाके पडले का त्याला?"
"तूच विचार," मी म्हटलं. "टपाल बंद केलंय मी."
हातमोजे शोधायला तिनं फार वेळ घेतला.
मग दार, मग बर्फाचा झोत, मग पुन्हा दार.

पट्टा सुरू होता.
शेवटचं ताट आलं, चाटूनपुसून लख्ख,
आणि त्यात कुणीतरी विसरभोळेपणानं ठेवलेली
एक मीठदाणी.